लादीला जुळणारा जिना

गोकुळदास शेट्ये कुणाच्याही घरी गेला की आधी खाली बघायचा. यजमान "या, बसा" म्हणत उभा, आणि ह्याची नजर लादीवर. सांधे सरळ आहेत का, उंबऱ्यापाशी तुकडा नीट कापलाय का, भिंतीकडेची पट्टी रंगाला धरून आहे का. चहा यायच्या आत ह्याचं मत तयार. व्यापारी माणूस, तोंडावर काही बोलायचा नाही. घरी आला की मात्र बायकोला सांगायचा, "शालिनी, तेंची लादी नि तेंचो जिनो म्हणजे लग्नाच्या साडीवर शाळेच्या गणवेशाचो ब्लाउज!"

डिचोलीच्या बाजारात त्याचं टाइल्सचं दुकान होतं. खनिजाच्या तेजीचे दिवस. पाळी, साखळी ह्या गावांकडे ज्याच्या दारात खनिजाचा ट्रक उभा राहिला त्याच्या घरावरची कौलं वर्षभरात उतरायची आणि स्लॅब पडायचा. स्लॅब पडला की माणसं गोकुळदासकडे यायची. लादी काय कुणीही विकतो हो, पण गोकुळदास जुळवून द्यायचा. अमुक लादीला तमुक ओटा, अमुक ओट्याला तमुक जिना. त्याने सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही तर तो खरोखरच हिरमुसायचा, जेवताना गप्प असायचा. एवढं वेड.

ह्या माणसाला वाढवलं ते त्याच्या मोठ्या बहिणीने. विमला तिचं नाव, पण गावाने आणि घराने तिला 'ताय'च म्हटलं. आई गेली तेव्हा गोकुळदास शाळेची पाटी धरायला शिकत होता. बापही फार राहिला नाही. लाटंबार्सेतलं घर, घरावर एकच खोली, माडी म्हणायचे तिला. त्या माडीवर पूर्वेकडच्या जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, तायचं शिवणयंत्र. सकाळचा उजेड थेट सुईवर पडायचा. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका मापं द्यायला जिना चढून यायच्या, ब्लाउजाच्या निमित्ताने तासभर बसायच्या, आणि ताय शिवता शिवता सगळ्यांची दुःखं ऐकून घ्यायची. त्या शिवणावर गोकुळदास शिकला, त्या शिवणावर दुकानाचा पहिला माल आला. तायला सांगून यायची स्थळं, ती म्हणायची, "आधी गोकू हाताशी येंवदी." गोकू हाताशी आला तोवर स्थळं यायची थांबली होती. हे सगळं गोकुळदासला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असलेली गोष्ट माणसाला रोज आठवते थोडीच?

तर दुसऱ्यांची घरं सजवता सजवता एका वर्षी त्याने स्वतःचं घर दुरुस्तीला काढलं. बापाच्या वेळची तांबड्या सिमेंटची जमीन होती, ठिकठिकाणी तडकलेली. तिच्यावर त्याने दुधाळ रंगाची, आरशासारखी चकचकीत लादी घातली. दारातून आत पाऊल टाकलं की साल, म्हणजे पुढची बैठकीची खोली, एकदम दुप्पट मोठा वाटायचा. शालिनी तर पहिले दोन दिवस चप्पल सोडाच, पाय पुसूनही आत यायला बिचकत होती.

राहिला जिना. जुना जिना तांबड्या सिमेंटचाच, आणि दर पायरीच्या काठाला काळी पट्टी. त्या काळी गवंडी अशीच पद्धत ठेवायचे, तांबडं अंग आणि काळा काठ. नव्या लादीपुढे तो जिना अगदीच गावंढळ दिसायला लागला.

गोकुळदासने काय करावं? दुकानातले नमुने घरी आणले आणि एकेका पायरीवर एकेक मांडला. काळा ग्रॅनाइट, तपकिरी ग्रॅनाइट, कडप्पा, लाकडासारखी दिसणारी लादी. सकाळी एका उजेडात बघायचा, संध्याकाळी दुसऱ्या. खाली उभा राहून बघायचा, मग दारात जाऊन, मग चक्क अंगणात जाऊन. घरातली माणसं नमुन्यांवरून ढांगा टाकत वर-खाली करत होती.

"ओ, आमी जिनो चढाचो की उडये मारूचे?" शालिनी कावली.

"चवथीआदी ठरयतंय," हा म्हणाला. चवथीआधी घर तयार व्हायलाच हवं होतं. गणपतीला सगळं गोत येणार, आणि गोतात दोघे-तिघे नवीन घर बांधणारे.

शेवटी त्याचं ठरलं. सालात जी लादी, तीच जिन्यालाही. खालपासून माडीपर्यंत एकच दुधाळ रंग, मध्ये कुठे खंड नाही.

त्या संध्याकाळी ताय भिंतीला हात लावत खाली आली. मांडलेल्या नमुन्यांशी थांबली आणि म्हणाली, "गोकू, लादी तुका व्हयी ती घाल. फकत काठाक काळी पट्टी ठेव. होती तशी."

"ताय, काळी पट्टी आता कोण घालता गो? नजर तुटता. सगळो जिनो एकसारखो व्हावत वर जावक व्हयो."

"सांजची माका कड दिसणा नाय रे."

"लायटी लावतंय! दर वळणाक लायट. तुझ्यासाठी माडयेर दिवाळी करतंय, मगे?"

ताय हसली. एका नमुन्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बरा तर. तुझा घर, तुका बरा दिसता ता कर."

तुझं घर! आयुष्यात कधी ती असं बोलली नव्हती. तोवर ते नेहमी 'आमचा घर' होतं. गोकुळदासच्या कानावरून ते गेलं, कारण त्याचं अर्धं लक्ष त्या वेळी सांध्यांत कुठला रंग भरायचा ह्याच्यात होतं. लादी बसवायला आलेला गवंडी बाबली मेस्त, त्यानेही मालकाला विचारलं, "पात्रांव, कडेक ग्रॅनाइट मारूं?" त्यालाही ह्याने उडवून लावलं.

चवथीला वाहवा झाली. गोत आलं, जिन्याखाली उभं राहून माना वर करून बघितलं. कुणी म्हणालं सिनेमातलं घर, कुणी म्हणालं पाय ठेवायला भीती वाटते. गोकुळदासला ही दोन्ही वाक्यं कौतुकाचीच वाटली. तेव्हापासून त्याने रिवाजच पाडला. गिऱ्हाईक दुकानात घुटमळलं की "चला, घरी दाखवतो," म्हणून गाडीत घालून लाटंबार्सेला आणायचा. दुकानात हातभर नमुना, घरात आख्खा जिना. गिऱ्हाईक चढायचं, उतरायचं, आणि तिथल्या तिथे सौदा व्हायचा.

चवथ सरली आणि तायने आपली वळकटी खाली आणली. "गुडघे धरतत रे," म्हणाली. स्वयंपाकघरामागे मोरीकडची खोली होती, दिवसाही दिवा लावावा लागायचा, तिथे ती राहायला लागली. यंत्र वरच राहिलं. गोकुळदास म्हणाला, यंत्र खाली आणून देतो. "नको रे, आता पुरे झाला," ती म्हणाली. मापं घेऊन येणाऱ्या बायका हळूहळू यायच्या बंद झाल्या. वय झालं, दुसरं काय, असं त्याने मनाशी धरलं. माणसाला आपल्या सोयीचं उत्तर किती पटकन सापडतं!

मग काजूच्या दिवसांत इब्रामपूरहून चुलत बहीण सुलोचना आली आणि तायला चार दिवस म्हणून घेऊन गेली. सुलोचनाचं घर बैठं, अंगणाला लागून. चार दिवसांचे महिने झाले. पुढच्या चवथीला ताय आली, गणपती पोचवला आणि परत गेली. गोकुळदासला ते लागलं. माझ्या घरात तिला काय कमी होतं? पण लोकांना तो सांगायचा, "तायला तिथली हवा मानवते."

त्याच्या पुढच्या वर्षी, पुन्हा चवथीच्या तोंडावर, पाळीचा शिवदास जिना बघायला आला. नवा बंगला बांधत होता. बरोबर त्याचा म्हातारा बाप, धोतर खोचलेला, चांगला खणखणीत गडी. म्हातारा नातवासारखा तुरुतुरु वर चढला. माडी बघितली, जनेलातून बाहेर बघितलं आणि उतरायला वळला. वळला आणि तिथेच थांबला.

"बाबा, येवा मरे," शिवदास खालून म्हणाला.

"येव खंय?" म्हातारा ओरडला. "हंय पायरी खंय असा? माका सगळा सपाट दिसता!"

"असा, असा, पाय घाला."

"तू घाल तुझो पाय! शेट, जिनो केलास की मजा? खंयची पायरी नि खंयची जमीन, देवाक तरी कळता काय?" आणि म्हाताऱ्याने कुणाची पर्वा न करता धोतर सावरलं, वरच्या पायरीवर बूड टेकलं आणि बसत बसत, पायाने चाचपत, पोरासारखा खाली आला. खाली येऊनही शेवटची पायरी कळली नाही, तिथे आणखी एक असेल म्हणून हवेतच पाय शोधत राहिला. शिवदास लाजला, हसला. गोकुळदासही हसला. सौदा काही झाला नाही.

ती माणसं गेल्यावर तो शालिनीला म्हणाला, "बघलंस म्हाताऱ्याचो नाटक?"

शालिनी हसली नाही. कपबशा गोळा करत होती, त्या तिने परत खाली ठेवल्या. "नाटक नाय ता. ताय अशीच उतरायची," ती म्हणाली.

"कोण?"

"ताय. जिनो झालो तेव्हापासून. तुमी दुकानावर गेलास की. बसून बसून उतरायची, नि कोण इला तर मधीच बसून रवायची, वारो घेतंय म्हणान. मी बघलंय एकदा."

गोकुळदासच्या कपाळावरची शीर उठली. "माका कित्याक सांगलंस नाय?"

"शपथ घातली माका. म्हणाली, तो गिरायकां घेवन येता, कोणी बघला तर तेका वायट दिसात." शालिनीचा आवाज चढला. "नि सांगून तुमी काय करतलास? एकदा तोंडान सांगलेला नाय तेणी? मी हंयच होतंय. तुमी दिवाळी करतंय म्हणालास."

गोकुळदास जाऊन जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिला आणि पहिल्यांदाच विकणाऱ्याच्या नव्हे, उतरणाऱ्याच्या डोळ्याने बघायला लागला. डोळे थोडे मिटले, किलकिले केले, आणि पायऱ्या एकमेकींत मिसळून गेल्या. ज्या बाईने आपले डोळे सुईच्या नेढ्यात घालून त्याला वाढवलं, तिला त्याने स्वतःच्या घरात बुडावर बसून उतरायला लावलं होतं. त्याला स्वतःची किळस आली.

सकाळी उठल्याबरोबर त्याने बाबली मेस्ताला गाठलं. दर पायरीच्या काठाला काळी ग्रॅनाइटची पट्टी, आत्ताच्या आत्ता. बाबलीने कानाला हात लावला. "चवथीआदी? पात्रांव, चवथीआदी देव मेळात, मेस्त मेळाचो नाय." पण गोकुळदासचा चेहरा बघून म्हणाला, "बरा, बुधवारी येतंय. सांजपर्यंत करून टाकतंय." पट्ट्या दुकानात कापून ठेवल्या. आणि बुधवारीच, काम होईतो थांबायलाही धीर नसल्याने, हा गाडी काढून इब्रामपूरला गेला.

ताय पडवीत बसली होती, केरसुणीसाठी नारळाच्या चुडताचे हीर काढत. सुरी चालत होती आणि ती समोर अंगणाकडे बघत होती. हाताला सवय आहे, म्हणून त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"ताय," त्याने हाक मारली.

"गोकू?" तिचं तोंड फुललं. "ये रे, बस. ऊन किती असा. सुलोचना, पाणी आण गो."

"बसूक नाय इलंय. तुका न्हेवक इलंय. चवथीक नाय, कायमची."

"हंयच बरी असंय रे मी."

"आपला घर असताना?"

"माडी माका आता जमाची नाय. नि खाली त्या खोलयेत बसून काय करू? शालिनीच्या पायात पायात." ती हीर मोजल्यासारखे एकत्र करत राहिली. राग नव्हता तिच्या बोलण्यात. राग असता तर बरं झालं असतं, त्याने पाय धरले असते.

आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं. "काळी पट्टी घातलंय, ताय. दर पायरेक. तू म्हणालंस तशी."

सुरी थांबली. "खरां?"

"खरां. तुझी शपथ."

खोटं का म्हणायचं त्याला? बाबली ह्या घटकेला तिथे बसलेलाच असणार, संध्याकाळपर्यंत खरं होणारच होतं. ताय उठली. आत गेली, आणि सुलोचना "अगो, जेवन तरी जा" म्हणेपर्यंत हिचं गाठोडं बांधून तयार. गाडीत बसल्यावर ती बोलायचीच थांबेना. यंत्राला तेल घालायला हवं, पट्टा सैल झाला असेल, शालिनीला चवथीला नवीन ब्लाउज शिवून देते, कापड कुठलं आहे सांग. तो हो हो म्हणत होता आणि मध्ये मध्ये बाबलीला फोन लावत होता. बाबली फोन उचलत नव्हता.

घरी पोचले तेव्हा दुपार होती, दारं-जनेलं सताड उघडी, सालात लख्ख उजेड. आणि जिना जसाच्या तसा. दुधाळ, चकचकीत, वरपासून खालपर्यंत एकसारखा. बाबली फिरकलाच नव्हता.

तायची खोटी शपथ घेतली होती गोकुळदासने. आता सांगून टाकावं, तिने चार शिव्या घालाव्यात, हवं तर मुस्काटात द्यावी. "ताय, आयक मगे..." त्याने सुरुवात केली.

पण ताय जिन्यापाशी पोचली होती. एक हात कठड्यावर ठेवून ती वाकली, पहिल्या पायरीकडे तोंड नेलं आणि बराच वेळ निरखून बघितल्यासारखं केलं. मग सरळ झाली. तिचा चेहरा समाधानाने भरला होता.

"बरी दिसता रे," ती म्हणाली. "काळीकुळकुळीत. लादयेक शोभता सुद्धा. तू उगाच भियालंस."

स्वयंपाकघराच्या दारात शालिनी उभी होती. तिने जिन्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि पदर तोंडाला लावून आत वळली.

गोकुळदास पुढे झाला. तो म्हणाला, "होय, ताय." तिने त्याचं मनगट धरलं. दर पायरीला आधी तिच्या पायाची बोटं उभ्या भागावर आपटायची, मग पाऊल वर यायचं. माडीवर गेल्यावर ती आपसूक जनेलाकडे वळली, यंत्रावरून हात फिरवला आणि म्हणाली, "उजेड अजून तसोच येता हंय." बाहेर ऊन होतं, त्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. गोकुळदास वरच्या पायरीवर बसला आणि आवाज न करता रडला.

चवथ झाल्यावर त्याने तिला म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. तो कडेकडून खात खात आत येतो, माणसाला लवकर पत्ता लागत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. हिची उजेड-अंधार कळण्याइतकीच राहिली होती. हा जिना झाला तेव्हा बरीच होती, सुई ओवत होती ती. म्हणजे जी काही शेवटची दृष्टी होती, ती तिने जनेलापाशी, यंत्रापाशी, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांची तोंडं बघण्यात खर्च केली असती. ती गेली मोरीकडच्या अंधाऱ्या खोलीत आणि परक्या पडवीत. कशासाठी? तर लादीला जिना जुळावा म्हणून.

ताय आता माडीवरच राहते. सकाळी गोकुळदास तिला हात धरून खाली आणतो, रात्री जेवण झालं की वर पोचवतो. दुकान उशिरा उघडलं तर उघडलं. गिऱ्हाइकं घरी आणणं त्याने सोडलं. जुन्या बायका तायला भेटायला पुन्हा येतात. ती त्यांना जिना दाखवते. "बघलास? माझ्यासाठी घातली गोकून. एवढो मोठो धंदेवालो, पण बहिणीसाठी काळी पट्टी घातली." बायका जिन्याकडे बघतात, मग गोकुळदासकडे बघतात आणि म्हणतात, "होय गो बाय, बरी असा." तो त्या वेळी अंगणात निघून जातो.

दिवाळीच्या आधी बाबली मेस्त आला. टेम्पोतून काळ्या पट्ट्या उतरवल्या, कटर उतरवला, आणि ओशाळं हसत म्हणाला, "पात्रांव, चवथीच्या गडबडीत ऱ्हवला. आज करून टाकतंय. खंयसून सुरवात करूं?"

त्याने कटरची वायर उलगडायला घेतली. कटर एकदा वाजला की वर तायला सगळं कळलं असतं; गोकुळदासने पुढे होऊन त्याचा हात धरला.

वरून, जनेलातून, तायचा आवाज आला. "कोण इलो रे, गोकू?"

"कोण नाय, ताय," तो म्हणाला. "मेस्त चुकून आमच्यात इलो." आणि त्याने स्वतः एकेक पट्टी उचलून, आवाज होऊ न देता, परत टेम्पोत ठेवली.